प्रमाणित परीक्षा, शालेय

प्रमाणित परीक्षा, शालेय : अनेक शाळांतील विद्यार्थ्यांची एकाच अभ्यासक्रमावर, एकसारख्या प्रश्नांच्या आधारे आणि गुणदानाच्या ठरीव नियमांनुसार घेतली जाणारी परीक्षा. अशा परीक्षेतील गुणांची परस्परांशी तुलना करता यावी, ही तिच्यामागील मूळ अपेक्षा असते. विद्यार्थ्याने ठरावीक पात्रता मिळविली आहे किंवा नाही हे प्रमाणित करणे, पुढील शिक्षणासाठी विद्यार्थ्यांची निवड करणे आणि शाळांच्या अध्यापनाची प्रत अजमावणे, अशी तीन कार्ये तिच्याकडून अपेक्षिली जातात. ही कार्ये भिन्न आहेत आणि त्यांसाठी लागणाऱ्या परीक्षांची रचनाही भिन्न असते. एकाच परीक्षेवर तिन्हींचा भार टाकल्यामुळे निर्माण होणारे वाद जगभर आढळतात. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई व तिच्या उपनगरांत, दहावीच्या गुणांवरून अकरावीत दिल्या जाणाऱ्या प्रवेशाच्या निमित्ताने हा वाद २००८ नंतर वारंवार न्यायालयांपर्यंत गेला.

संकल्पना : समान परीक्षा आणि प्रमाणित कसोटी यांत शास्त्रीयदृष्ट्या भेद केला जातो. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे परीक्षा समान होते. परंतु ती प्रमाणित होतेच असे नाही. प्रमाणित कसोटीतील प्रश्न प्रथम विद्यार्थ्यांच्या एका नमुना-गटावर वापरून पाहतात. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आणि चांगल्या व सामान्य विद्यार्थ्यांत भेद करण्याची त्याची क्षमता तपासतात. त्यानंतर मोठ्या प्रातिनिधिक गटाच्या कामगिरीवरून प्रमाणके तयार करतात. कसोटीत दोन गुण आवश्यक मानले जातात : विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजमाप केले असता जवळपास तोच निष्कर्ष मिळणे, आणि सप्रमाणता, म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजले जाणे.

कच्च्या गुणांना स्वतंत्र असा अर्थ नसतो. शंभरांपैकी नव्वद गुण हे यश केवढे आहे, हे प्रश्नपत्रिका किती अवघड होती व इतरांना किती गुण मिळाले, यांवर अवलंबून असते. म्हणून भिन्न परीक्षांतील गुणांच्या तुलनेसाठी शततमकासारखी परिमाणे वापरतात. एखाद्या विद्यार्थ्याचे शततमक ९५ असणे याचा अर्थ त्याला ९५ टक्के गुण मिळाले असा नसून, त्या परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के विद्यार्थी गुणानुक्रमे त्याच्या खाली आहेत, असा होतो. टक्केवारी व शततमक यांतील हा फरक पुढे आलेल्या वादांच्या मुळाशी आहे.

पूर्वपीठिका : लेखी स्पर्धापरीक्षेची परंपरा प्राचीन चीनमधील शासकीय सेवेच्या परीक्षांपर्यंत मागे नेता येते. शाळांची प्रत ठरविण्यासाठी लेखी परीक्षेचा वापर होरेस मान याच्या पुढाकाराने अमेरिकेतील बॉस्टन येथे १८४५ मध्ये झाला. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. तिचा मूळ हेतू मुलांची क्रमवारी लावणे हा नसून, ज्यांना विशेष शैक्षणिक साहाय्याची गरज आहे अशी मुले ओळखणे हा होता. भारतात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्यांचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

निबंधवजा उत्तरांच्या गुणदानाविषयीचा संशयही तितकाच जुना आहे. डॅनिएल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१२–१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीसारख्या विषयातही त्यांनी दिलेले गुण २८ पासून ९२ पर्यंत पसरलेले आढळले. या निष्कर्षांमुळे वस्तुनिष्ठ प्रश्नांचा प्रसार झाला. मात्र पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या पद्धतीत मांडणी, युक्तिवाद व भाषा यांची पारख होत नाही, हा आक्षेप तेव्हापासून कायम आहे.

महाराष्ट्रातील विकास : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या पहिल्या तुकडीतील होत. विद्यापीठात शिरण्याचे द्वार म्हणून योजलेली ही परीक्षा लवकरच सरकारी नोकरीची पात्रता ठरली आणि माध्यमिक शाळांचे सर्व अध्यापन तिच्याभोवती फिरू लागले. हार्टॉग समितीने १९२९ मध्ये मॅट्रिकच्या या वर्चस्वावर टीका केली. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात शालान्त परीक्षेसाठी विद्यापीठापासून स्वतंत्र मंडळ निर्माण करण्यात आले. राज्यनिर्मितीनंतर १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले व १९७६ मधील दुरुस्तीनंतर त्यास महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे नाव मिळाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारिलेल्या आकृतिबंधानुसार दहावीअखेरची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. मंडळाचे मुख्य कार्यालय पुणे येथे असून मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर व रायगड हे जिल्हे त्याच्या मुंबई विभागात येतात.

मुदलियार आयोगाने (१९५२–५३) एकाच बाह्य परीक्षेवर सर्वस्वी विसंबू नये, शाळेतील वर्षभराच्या कामाची नोंदही विचारात घ्यावी, अशी शिफारस केली होती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५७ मध्ये भारतात आल्यानंतर परीक्षासुधारणेच्या कामास चालना मिळाली. प्रश्नपत्रिकेचा आराखडा, उद्दिष्टांनुसार प्रश्नांची विभागणी, लघुत्तरी प्रश्न व आदर्श उत्तरांची सूची या गोष्टी त्यातून रूढ झाल्या. तथापि प्रश्नांची पूर्वचाचणी आणि वर्षावर्षांच्या गुणांचे समीकरण हे प्रमाणीकरणाचे दोन मुख्य टप्पे शालान्त परीक्षेत आले नाहीत. ही परीक्षा समान राहिली. काटेकोर अर्थाने ती प्रमाणित नव्हती.

उत्तरपत्रिका व विद्यार्थ्याचा हक्क : गुणदानाविषयी शंका आल्यास विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाहता यावी काय, हा प्रश्न याच मंडळासंबंधी उपस्थित झाला. मंडळाच्या विनियमांनुसार केवळ गुणांच्या बेरजेची फेरपडताळणी करता येत असे. उत्तरपत्रिका पाहण्यास व तिच्या पुनर्मूल्यांकनास मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्बंध अवैध ठरविले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ या खटल्यात तो निर्णय फिरविला. परीक्षापद्धती कशी असावी हे ठरविण्याचे काम मुख्यतः तज्ज्ञांचे आहे आणि परीक्षेच्या निकालाला कोठेतरी अंतिमता असली पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये झाल्यानंतर परिस्थिती बदलली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विद्यार्थ्याचा स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राच्या मंडळातही उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची सोय उपलब्ध झाली.

उपनगरांतील प्रवेशाचा प्रश्न : पश्चिम रेल्वेवरील अंधेरी, बोरिवली आणि मध्य रेल्वेवरील घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकवस्ती झपाट्याने वाढली. तिच्याबरोबर शाळा वाढल्या आणि अकरावी-बारावीचे वर्ग असलेली महाविद्यालयेही आली. अंधेरीचे भवन्स (१९४६), घाटकोपरचे रामनिरंजन झुनझुनवाला (१९६३) व मुलुंडचे वझे-केळकर (१९८४) ही त्यांपैकी काही होत. दहावीनंतर शाळा सोडून महाविद्यालयात जावयाचे, ही या भागातील रूढ वाट असल्याने दहावीच्या परीक्षेस शाळेअखेरचे प्रमाणपत्र आणि प्रवेशाची स्पर्धा असे दुहेरी स्वरूप आले. एकूण जागा विद्यार्थ्यांना पुरेशा असल्या, तरी मागणी मोजक्या महाविद्यालयांत एकवटते. त्यामुळे तेथील शेवटच्या प्रवेशाचे गुण नव्वदीच्या पलीकडे जातात व एका-दोन गुणांच्या फरकाने विद्यार्थ्याला घराजवळचे महाविद्यालय मिळते किंवा रोज लोकलने दूरचा प्रवास करावा लागतो. एका गुणाचा हा फरक मोजमापातील स्वाभाविक त्रुटीच्या आत मोडणारा असतो. त्याच उत्तरपत्रिकेस दुसऱ्या परीक्षकाने तेवढेच गुण दिले असते, असे खात्रीने सांगता येत नाही.

या स्पर्धेत भिन्न मंडळांचे विद्यार्थी एकत्र येतात. राज्य मंडळाखेरीज केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) व भारतीय शालेय प्रमाणपत्र परीक्षा परिषदेच्या (आयसीएसई) शाळा उपनगरांत वाढत गेल्या. मुंबई महानगरपालिकेनेही २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगर येथे सीबीएसईची शाळा सुरू केली. या मंडळांचे अभ्यासक्रम, विषयांची संख्या, अंतर्गत गुणांचे प्रमाण व गुणदानाची रीत वेगवेगळी असल्याने त्यांची टक्केवारी एका यादीत मांडणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी घेतलेली लांबी एकाच रकान्यात लिहिण्यासारखे होते.

तीन सूत्रे व न्यायालयीन निर्णय : ही विषमता दूर करण्यासाठी शासनाने तीन वर्षांत तीन उपाय योजले. २००८ मध्ये विद्यार्थ्याच्या गुणांना त्याच्या मंडळातील पहिल्या दहा विद्यार्थ्यांच्या सरासरीने भागून येणारा अंक प्रवेशासाठी धरावा, असे ठरले. लोकांत ते ‘पर्सेंटाइल’ सूत्र म्हणून ओळखले गेले. परंतु शास्त्रीय अर्थाने ते शततमक नव्हते. शततमक सर्व परीक्षार्थींमधील स्थान दर्शविते, तर या सूत्रात केवळ अग्रभागीच्या दहांचा आधार घेतला होता. उरलेल्या विद्यार्थ्यांचे गुण कसे विखुरले आहेत याचा त्यात विचार नव्हता. शिवाय लक्षावधी परीक्षार्थींच्या मंडळातील पहिले दहा आणि लहान मंडळातील पहिले दहा हे सारखे गट नव्हेत. मुंबई उच्च न्यायालयाने हे सूत्र रद्द केले. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या व १० टक्के इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचा निर्णय झाला. तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. याच वर्षी मुंबई महानगर प्रदेशात अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सुरू झाली. २०१० मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याचे सहांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरण्याचे ‘बेस्ट फाइव्ह’ सूत्र आले. उच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते ग्राह्य मानले.

या तिन्ही उपायांचा क्रम उद्बोधक आहे. पहिल्यात गणिती रूपांतराचा प्रयत्न होता, दुसऱ्यात जागांची वाटणी होती आणि तिसऱ्यात गुणांची बेरीज करण्याची रीत बदलली होती. टिकला तो तिसरा उपाय. तो सोपा व सर्वांस समजणारा होता. मात्र भिन्न मंडळांतील नव्वद टक्के समान आहेत काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातही नव्हते. मंडळांच्या गुणांचे शततमकांद्वारे समायोजन करण्याचा प्रयोग अखिल भारतीय पातळीवर अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई (मेन) परीक्षेत २०१३ ते २०१६ या काळात झाला. त्यात बारावीच्या समायोजित गुणांना ४० टक्के भार होता. पुढे तो काढून टाकण्यात आला.

अंतर्गत मूल्यमापन : भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील २० गुणांचे मूल्यमापन शाळा करीत असत. शाळा ते गुण सढळ हाताने देतात, या आक्षेपामुळे २०१८-१९ या वर्षी ते बंद करण्यात आले. त्या पहिल्याच परीक्षेत, मार्च २०१९ मध्ये, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. इतर मंडळांत अंतर्गत गुण चालूच असल्याने राज्य मंडळाचे विद्यार्थी प्रवेशात मागे पडतील, अशी भीती मुंबईतील पालकांत पसरली. शासनाने अकरावीच्या जागा वाढविल्या व पुढील वर्षापासून अंतर्गत गुण पुन्हा सुरू केले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात विद्यार्थ्यांची योग्यता इतकी घटते आणि पुढच्या वर्षी इतकी वाढते, असे मानता येत नाही. बदलले होते ते मापनाचे साधन. निकालाच्या टक्केवारीवरून शिक्षणाचा दर्जा ठरविणे किती धोक्याचे आहे, याचे हे ठळक उदाहरण होय. दुसरे उदाहरण सर्वोच्च गुणांचे आहे. क्रीडा व कला यांतील प्रावीण्याबद्दलचे वाढीव गुण धरून १०० टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २०२४ मध्ये १८७ व २०२५ मध्ये २११ होते. मापाच्या वरच्या टोकाला गर्दी झाली, की तेथील विद्यार्थ्यांत भेद करण्याची परीक्षेची क्षमता क्षीण होते.

परीक्षेविना एक वर्ष : कोविड-१९ च्या साथीमुळे २०२१ ची शालान्त परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालास ५०, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनास ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनास २० गुणांचा भार देऊन निकाल तयार करण्यात आला; तो ९९.९५ टक्के लागला. प्रमाणपत्र देण्याचे काम यामुळे भागले, परंतु निवडीचे काम अडले. म्हणून शासनाने २१ ऑगस्ट २०२१ रोजी अकरावीसाठी १०० गुणांची, वस्तुनिष्ठ प्रश्नांची ऐच्छिक सामायिक प्रवेशपरीक्षा योजली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली असल्याने इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी ही परीक्षा रद्द ठरविली व दहावीच्या मूल्यमापनावरून प्रवेश देण्यास सांगितले. प्रमाणन व निवड ही दोन कार्ये वेगळी आहेत, हे या वर्षाइतके स्पष्टपणे एरवी क्वचितच दिसून आले असेल.

शालेय जीवनावरील परिणाम : ज्या मापावर महत्त्वाचे निर्णय अवलंबून असतात, ते माप त्या निर्णयांच्या दडपणाखाली विकृत होते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्बेल याने १९७० नंतरच्या दशकात प्रतिपादन केले. अमेरिकेत २००२ पासून अमलात आलेल्या कायद्याने शाळांचे भवितव्य वार्षिक कसोट्यांशी जोडले. परिणामी कसोटीबाहेरच्या विषयांचा वेळ घटला, अशी टीका झाली आणि २०१५ मध्ये त्याची जागा तुलनेने सौम्य कायद्याने घेतली. उपनगरी मुंबईत हे दडपण खाजगी शिकवणी वर्गांच्या रूपाने दिसते. नववीच्या सुटीपासून दहावीचा अभ्यास, सराव प्रश्नपत्रिकांची मालिका आणि अपेक्षित प्रश्नांची पुस्तके ही मध्यमवर्गीय कुटुंबाची नेहमीची तजवीज झाली आहे. ज्यांना शिकवणीचे शुल्क परवडत नाही, अशा वस्त्यांतील व महानगरपालिका शाळांतील मुलांना तीच प्रश्नपत्रिका असमान तयारीनिशी सोडवावी लागते.

परीक्षेचा उपयोग क्रमवारीपेक्षा अभिरुची वाढविण्यासाठी करता येतो, हे दाखविणारे उपक्रमही मुंबईतच झाले. विज्ञानशिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा त्यांपैकी एक. सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प व मुलाखत असे टप्पे असतात. अर्थात निवडक विद्यार्थ्यांसाठी शक्य असलेली ही पद्धत लक्षावधी परीक्षार्थींना लावणे व्यवहारात कठीण आहे.

प्राथमिक स्तर : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने (२००९) आठवीपर्यंत मंडळाची परीक्षा घेण्यास व विद्यार्थ्यास त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसा निर्णय घेतला. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणासारख्या पाहण्या मात्र निराळ्या स्वरूपाच्या आहेत. त्यांत नमुना-शाळांतील मुलांची कसोटी घेतात, पण एकाही मुलाचा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लावीत नाहीत. व्यवस्थेची प्रत अजमावण्यासाठी प्रत्येक मुलाची परीक्षा घेण्याची आवश्यकता नसते, हे त्यांवरून ध्यानात येते.

मतभेदांचे स्वरूप : बाह्य समान परीक्षेच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद निःपक्षपातीपणाचा आहे. परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव, जात, शाळा वा पालकांची प्रतिष्ठा माहीत नसते. चाळीतील व झोपडपट्टीतील मुलाला नामांकित शाळेतील मुलाच्या बरोबरीने उभे राहण्याची संधी तीच देते. शाळांच्या अंतर्गत गुणांवर सारा भार टाकल्यास वशिला व उदार गुणदान यांना वाव मिळतो, ही भीती निराधार नाही. विरोधकांच्या मते तीन तासांच्या लेखनावरून दहा वर्षांच्या शिक्षणाचा निवाडा करणे अन्याय्य आहे. पाठांतराला उत्तेजन, मानसिक ताण, शिकवण्यांवरील खर्च व शिक्षकाच्या स्वातंत्र्याचा संकोच हे तिचे दोष ते दाखवितात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कारण पहिला पक्ष परीक्षेच्या निवड करण्याच्या कार्याविषयी बोलत असतो आणि दुसरा शिक्षणावरील तिच्या परिणामांविषयी.

अलीकडील प्रयत्न : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) मंडळांच्या परीक्षांचे दडपण कमी करण्याची व विद्यार्थ्याला एकाहून अधिक संधी देण्याची शिफारस केली. त्यानुसार भिन्न मंडळांच्या मूल्यमापनात समकक्षता आणण्यासाठी ‘परख’ हे राष्ट्रीय केंद्र २०२३ मध्ये स्थापन झाले. सीबीएसईने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे २०२५ मध्ये ठरविले. महाराष्ट्रात अनुत्तीर्णांसाठी निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेण्याची पद्धत २०१५ पासून रूढ झाली असून, २०२५-२६ मध्ये केंद्रीय ऑनलाइन अकरावी प्रवेश संपूर्ण राज्यास लागू करण्यात आला. मुंबईच्या उपनगरांत उद्भवलेला प्रश्न त्यामुळे राज्यव्यापी झाला आहे.

मुंबईतील अनुभवावरून असे दिसते, की गुणांची बेरीज करण्याच्या नव्या रीतींनी परीक्षेतील उणीव भरून निघत नाही. उत्तीर्णता ठरविण्यासाठी रचलेल्या परीक्षेकडून एका-एका गुणाचा भेद करणाऱ्या निवडीची अपेक्षा केली, की तिच्या मर्यादा न्यायालयात उघड्या पडतात. गुणांबरोबर मापनातील त्रुटीची मर्यादा विचारात घेणे, मंडळांच्या गुणांची तुलना प्रत्यक्ष आकडेवारीच्या आधारे करणे आणि ज्यांच्या टंचाईमुळे ही स्पर्धा तीव्र होते अशा चांगल्या महाविद्यालयांची संख्या प्रत्येक उपनगरात वाढविणे, हे उपाय परस्परपूरक आहेत. यांपैकी शेवटचा परीक्षाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. परंतु तो अमलात आल्याखेरीज पहिल्या दोहोंचा लाभ मर्यादितच राहील.